स्वस्त चहाचं बंड

श्रोतेहो, नमस्कार.

अठराव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिश राजाच्या प्रजेत करांचं ओझं सगळ्यांत कमी कुणावर होतं? इंग्लंडातल्या माणसावर तर नक्कीच नाही. त्याच्या मिठावर कर होता, बिअरवर होता, साबणावर, मेणबत्तीवर होता, इतकंच काय घराला खिडक्या किती त्यावरही होता. बंगालच्या रयतेचं तर विचारूच नका, तिच्याकडे आपण पुढे येणारच आहोत. कमी ओझं होतं ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या तेरा वसाहतींतल्या गोऱ्या लोकांवर. इतिहासकारांनी काढलेला एक अंदाज असा आहे, की १७६० च्या दशकात इंग्लंडात माणशी वर्षाला २६ शिलिंग कर पडायचा आणि मॅसॅच्युसेट्समध्ये एक शिलिंग.

आणि बंड केलं ते या एक शिलिंगवाल्यांनी!

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची कारणं शाळेत आपण सगळ्यांनी लिहिली आहेत. स्टँप ॲक्ट, टाउनशेंडचे कर, बॉस्टनची चहापार्टी. एकेका मुद्द्याला एकेक गुण. ते उत्तर चूक नाही. पण त्या यादीत जुलूम शोधायला बसलात तर हाताला फारसं काही लागत नाही. करांचे दर किरकोळ होते, त्यातले बरेचसे दोन-तीन वर्षांत मागेही घेतले गेले. तरी बंड झालं. मग भांडण नेमकं कशावरून पेटलं, ते आज पाहू.

त्यासाठी आधी या वसाहतींचं रोजचं चालायचं कसं हे समजून घ्यावं लागेल. व्हर्जिनियातली प्रतिनिधी सभा पहिल्यांदा भरली १६१९ साली. आपल्याकडे तेव्हा जहांगीर बादशहा गादीवर होता आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून अकरा वर्षं होती. पुढे एकेक करून प्रत्येक वसाहतीत अशी सभा उभी राहिली. ज्याच्या नावावर थोडीफार जमीनजुमला आहे अशा गोऱ्या पुरुषाला मत होतं, आणि जमीन तिकडे मुबलक असल्यामुळे असे पुरुष इंग्लंडच्या मानाने खूपच होते. कर किती बसवायचा, रस्ता कुठून न्यायचा, शिपाई किती ठेवायचे, हे ही सभा ठरवी. लंडनहून गव्हर्नर यायचा, मोठा थाटामाटाचा, पण बहुतेक ठिकाणी त्याचा पगार काढायची ही सभाच. गव्हर्नरसाहेब फार ताठ वागले, की पगाराचा ठराव पुढच्या बैठकीवर जायचा. साहेब नरम व्हायचे.

लंडनचे कायदे होते, नव्हते असं नाही. १७३३ साली पार्लमेंटने परक्या बेटांवरून येणाऱ्या उसाच्या मळीवर गॅलनमागे सहा पेन्स जकात बसवली होती. या मळीपासून न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बॉस्टनच्या बाजूच्या उत्तरेकडच्या वसाहतींत, रम गाळली जायची. मोठा धंदा होता तो. सहा पेन्स भरून तो परवडलाच नसता. मग व्यापारी जकातदाराच्या हातावर काही टेकवायचे आणि मळी बिनबोभाट गोदीत उतरायची. कायदा लंडनच्या कपाटात, मळी बॉस्टनच्या पिंपात. तीस वर्षं असं चाललं. मधे महासागर, जहाजाला सहा-आठ आठवडे, वारा पडला तर त्याहून जास्त. लंडनला पर्वा नव्हती, कारण व्यापारातून मिळायचं ते मिळतच होतं.

हे सगळं बदललं १७६३ साली.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातलं सात वर्षांचं युद्ध त्या वर्षी संपलं. इंग्लंडने ते जिंकलं. कॅनडा मिळाला, आणि आपल्याकडे फ्रेंचांचा जोर कायमचा मोडला. पण विजय उधारीवरचा होता. युद्धाआधी सरकारी कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होतं, ते तेरा कोटींच्या घरात गेलं. सरकारच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा नुसत्या व्याजात जाऊ लागला. त्यात अमेरिकेत दहा हजार फौज कायम ठेवायचं ठरलं. तिचा खर्च कुणी करायचा? लंडनचा हिशेब सरळ होता: युद्ध तुमच्या रक्षणासाठी झालं, फौज तुमच्यासाठी राहणार, तर थोडा वाटा तुम्ही उचला.

मला विचाराल तर या मागणीत गैर काही नव्हतं. अडचण वेळेची होती. फ्रेंच शेजारी होते तोवर वसाहतवाल्यांना इंग्रज फौज हवीशी वाटायची. फ्रेंच गेले आणि त्यांना ही फौज कशाला ठेवली आहे असा प्रश्न पडू लागला.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. पाँटियाक या ओटावा सरदाराच्या पुढाकाराने पश्चिमेकडच्या मूळ अमेरिकी जमातींनी इंग्रज ठाण्यांवर हल्ले केले. ही भांडणं परवडणारी नाहीत हे पाहून राजाने ऑक्टोबर १७६३ मध्ये जाहीरनामा काढला: ॲपलाचियन डोंगररांगेच्या पलीकडे कुणी वस्ती करायची नाही. आता डोंगरापलीकडच्या जमिनीवर कितीजणांचा डोळा होता म्हणता! त्यात व्हर्जिनियाचा एक जमीनदार होता, जॉर्ज वॉशिंग्टन. त्याने १७६७ च्या एका पत्रात स्पष्ट लिहिलंय, की हा जाहीरनामा म्हणजे इंडियनांना, म्हणजे या मूळ जमातींना, शांत करण्यासाठी काढलेली तात्पुरती तोड आहे. आणि पत्र ज्याला लिहिलं त्याला गुपचूप चांगल्या जमिनी हेरून ठेवायला सांगितलं. स्वातंत्र्याच्या कारणांत ही जमिनीची भूक पाठ्यपुस्तकं फार हळू आवाजात सांगतात.

लंडनमध्ये तेव्हा पंतप्रधान होता जॉर्ज ग्रेनव्हिल. हिशेबी माणूस. त्याने वह्या उघडल्या तर काय दिसलं? अमेरिकेत जमा होणाऱ्या जकातीपेक्षा ती जमा करणाऱ्या नोकरवर्गाचा खर्चच जास्त! मग १७६४ साली त्याने मळीवरची जकात सहा पेन्सांवरून तीनवर आणली. निम्मी केली. आणि बोंब उठली ती त्यानंतर, कारण ही तीन पेन्स खरोखर वसूल होणार होती. आरमाराची जहाजं किनाऱ्यावर फिरू लागली. चोरट्या मालाचे खटले ज्युरीविना चालणाऱ्या आरमारी न्यायालयात जाऊ लागले. आपल्या गावची ज्युरी आपल्या गावच्या व्यापाऱ्याला सोडून द्यायची, ही सोय गेली.

पुढच्या वर्षी आला स्टँप ॲक्ट. कोर्टाचा कागद, जमिनीचं खरेदीखत, दारूचा परवाना, वर्तमानपत्र, पंचांग, पत्त्यांचा जोड, फासे, सगळ्यांवर मुद्रांक. इंग्लंडात असा कर १६९४ पासून होता आणि त्यामुळे कुणी बंड केलं नव्हतं. पण ग्रेनव्हिलने माणसं मात्र नेमकी निवडून दुखावली: वकील, छापखानेवाले, गुत्तेवाले. पहिला बोलणार, दुसरा छापणार आणि तिसऱ्याच्या ओट्यावर बसून लोक ते वाचणार. १४ ऑगस्ट १७६५ ला बॉस्टनमध्ये अँड्र्यू ऑलिव्हर या मुद्रांक विकायला नेमलेल्या माणसाचा पुतळा एका झाडाला लटकवला गेला. लवकरच त्याने काम सोडलं. असे राजीनामे वसाहतीवसाहतीतून आले, आणि १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा मुद्रांक विकायला जवळजवळ कुणी उरलंच नव्हतं.

पार्लमेंटमध्ये आमचा प्रतिनिधी नाही तर पार्लमेंटचा कर नाही, ही घोषणा त्या वेळची. लंडनचं त्यावरचं उत्तर मोठं गमतीचं होतं. ते म्हणाले, मँचेस्टरलाही खासदार नाही, बर्मिंगहॅमलाही नाही. म्हणून ते कर भरत नाहीत का? पार्लमेंट सगळ्या साम्राज्याचं प्रतिनिधित्व करतं. हे खोटं नव्हतं. मँचेस्टरला खरंच खासदार नव्हता, आणि ओल्ड सॅरम नावाच्या उजाड टेकडीला, जिथे वस्तीच नव्हती, दोन खासदार होते. इंग्रजांना यात विचित्र काही वाटत नव्हतं. दीडशे वर्षं आपली सभा आपण चालवलेल्यांना मात्र हे उत्तर ऐकून अंगावर काटा आला असणार.

इंग्लंडातल्याच व्यापाऱ्यांनी, माल खपेना म्हणून, ओरड केली आणि मार्च १७६६ मध्ये स्टँप ॲक्ट मागे गेला. बेंजामिन फ्रँकलिनची त्याआधी पार्लमेंटपुढे साक्ष झाली होती. १७६३ पूर्वी अमेरिकेचं इंग्लंडविषयी मत कसं होतं, या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं, "जगात सर्वांत उत्तम." पण कर मागे घेतला त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा केला, की वसाहतींना कुठल्याही बाबतीत बांधील असे कायदे करण्याचा आपला अधिकार कायम आहे. कर सोडला, हक्क ठेवला. अमेरिकेत लोकांनी दिवाळी केली आणि हा दुसरा कागद फारसा कुणी वाचला नाही.

१७६७ साली अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. पाठ्यपुस्तकं इथे मालाची यादी देतात. खरा विंचू त्या कायद्यात पुढे होता. या जकातीतून गव्हर्नरांचे आणि न्यायाधीशांचे पगार लंडन भागवणार, असं त्यात म्हटलं होतं. मघाशी मी पगाराचा ठराव लांबणीवर टाकण्याचं सांगितलं ते आठवा. सभेच्या हातातली ती एकच दोरी, आणि ती आता कापली जाणार होती. एकदा गव्हर्नर सभेच्या पैशावर अवलंबून राहिला नाही, की सभा भरली काय आणि न भरली काय.

पुढचं भराभर सांगतो. इंग्रज मालावर बहिष्कार, १७६८ मध्ये बॉस्टनमध्ये पलटण, १७७० च्या ५ मार्चला गोळीबार आणि पाच माणसं ठार. योगायोग पाहा, त्याच दिवशी लंडनमध्ये नवा पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ टाउनशेंडची जकात रद्द करण्याचा प्रस्ताव मांडत होता. सगळी रद्द झाली, फक्त चहावरची, पौंडभर वजनाला तीन पेन्स, तेवढी हक्काची खूण म्हणून राहिली.

आता येतो चहा, आणि त्याबरोबर आपला हिंदुस्थानही.

१७६५ साली ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी मिळाली. म्हणजे सारा वसूल करण्याचा अधिकार. लंडनमध्ये कंपनीचे शेअर चढले, लाभांश वाढला, सरकारनेही वर्षाला चार लाख पौंडांची मागणी लावून आपला हिस्सा घेतला. आणि १७६९-७० मध्ये बंगालात दुष्काळ पडला. वॉरन हेस्टिंग्जच्याच अंदाजाप्रमाणे तिथली एक तृतीयांश माणसं मेली. त्यानेच हेही लिहून ठेवलंय, की १७७१ ची साऱ्याची वसुली दुष्काळापूर्वीच्या १७६८ पेक्षाही जास्त भरली. मेलेल्यांचा सारा जिवंत राहिलेल्यांकडून घेतला गेला. एवढं करूनही कंपनी बुडायला आली, कारण लढायांचा खर्च होता, नोकरांची लूट होती, आणि १७७२ मध्ये लंडनच्या पेढ्या कोसळल्या तेव्हा उसनवारीचे दरवाजे बंद झाले. गोदामात मात्र एक कोटी सत्तर लाख पौंड वजनाचा चहा पडून होता. तो होता चीनचा, कँटनहून आणलेला. आसामच्या चहाला अजून अवकाश होता.

सरकारने कंपनीला वाचवायचं ठरवलं. १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, आणि १७७३ साली दोन कायदे केले. चहाच्या कायद्याने कंपनीला अमेरिकेत थेट आपल्या अडत्यांमार्फत चहा विकायची मुभा दिली, इंग्लंडातली जकात माफ केली. त्यामुळे हा चहा डच तस्करांच्या चहापेक्षाही स्वस्त पडणार होता. दुसरा रेग्युलेटिंग ॲक्ट. त्याने कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलला मुंबई आणि मद्रासवर देखरेख दिली. पुढे मुंबईकर इंग्रजांनी १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला तो कलकत्त्याने झिडकारला आणि नाना फडणीस, सखारामबापू यांच्याशी पुरंदरचा तह केला, तो या अधिकाराच्या जोरावर. एकाच दिवाळखोरीच्या निस्तरण्यातून एक धागा बॉस्टनच्या बंदरात गेला आणि दुसरा आपल्या पुरंदरावर, हे आपण सहसा जोडून पाहत नाही.

स्वस्त चहाला विरोध का? तस्करांचं पोट दुखलं, हे खरंच आहे. मोठमोठे देशभक्त व्यापारी त्यात होते. बॉस्टनमध्ये कंपनीच्या अडत्यांत खुद्द मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते, हेही लोकांना दिसत होतं. पण त्या महिन्यांतली अमेरिकी पत्रकं वाचली तर आणखी एक भीती दिसते, आणि तिचं नाव आहे बंगाल. जॉन डिकिन्सन या पेनसिल्व्हेनियाच्या वकिलाने टोपणनावाने लिहिलं, की या कंपनीने आशियात काय केलंय ते पाहा; एका वर्षात पंधरा लाख माणसं दुष्काळाने मेली म्हणतात. तीच कंपनी आता नवं कुरण म्हणून आपल्याकडे पाहते आहे. डिकिन्सनला बंगाली माणसाचा कळवळा किती होता, याबद्दल मला शंका आहे. पण ज्यांच्या हातात आपला कर ठरवणं नाही त्यांची काय गत होते, याचा धडधडीत नमुना त्याला समोर दिसत होता.

फिलाडेल्फिया आणि न्यू यॉर्कने चहाची जहाजं परत लावली. चार्ल्सटनने चहा उतरवून तळघरात कोंडला. बॉस्टनमध्ये गव्हर्नर हचिन्सन अडून बसला, की जकात भरल्याशिवाय जहाज परत जाणार नाही. वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त, असा नियम होता, आणि मुदत संपायच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबर १७७३ ला, मोहॉक जमातीचा वेष केलेल्या लोकांनी तीन जहाजांवरच्या ३४० हून अधिक पेट्या फोडून समुद्रात ओतल्या.

इथवर फिलाडेल्फिया किंवा व्हर्जिनियातल्या पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांना बॉस्टनचं हे वागणं आवडलेलं नव्हतं. फ्रँकलिनलाही नाही. त्यांना बॉस्टनच्या बाजूला ढकललं लंडननेच. १७७४ च्या कायद्यांनी बॉस्टनचं बंदर बंद केलं, मॅसॅच्युसेट्सचं वरिष्ठ मंडळ निवडणुकीऐवजी राजाच्या नेमणुकीने भरायचं ठरवलं, आणि गावसभा वर्षातून एकदाच, एरवी गव्हर्नरच्या परवानगीने. चहा न पिणाऱ्या, स्टँप कधी न पाहिलेल्या खेड्यातल्या शेतकऱ्याला हे झोंबलं. गावसभा त्याची होती. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला वूस्टर गावात साडेचार हजारांवर शेतकरी-शिपाई रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले, आणि राजाच्या न्यायाधीशांना टोप्या हातात घेऊन, आम्ही नव्या कायद्याने कोर्ट भरवणार नाही असं पुन्हापुन्हा म्हणत, त्यांच्यामधून चालायला लावलं. रक्ताचा थेंब सांडला नाही. लेक्झिंग्टन गावात युद्धाची पहिली गोळी सुटायला अजून सात महिने होते, पण बॉस्टनबाहेरच्या मॅसॅच्युसेट्समधलं इंग्रजांचं राज्य तिथेच संपलं होतं.

लेक्झिंग्टनच्या दिवशी लढलेल्या लेव्हाय प्रेस्टन नावाच्या माणसाला, तो नव्वदी ओलांडल्यावर, एका तरुणाने विचारलं, की तुम्ही का लढलात? जुलूम होता? मला नाही जाणवला. स्टँप? मी कधी पाहिला नाही. चहाचा कर? मी एक थेंब प्यायलो नाही, पोरांनी सगळा समुद्रात टाकला. मग स्वातंत्र्यावरचे थोर ग्रंथ वाचले असतील? नावही ऐकलं नाही. आम्ही बायबल आणि पंचांग वाचायचो. मग कारण काय? म्हातारा म्हणाला, आम्ही नेहमीच आमचा कारभार आम्ही केला होता आणि पुढेही करायचा आमचा इरादा होता. त्यांच्या मनात तसं नव्हतं.

यातला "आम्ही" कोण, हे मात्र विचारलंच पाहिजे. त्या वसाहतींच्या सुमारे पंचवीस लाख लोकसंख्येत पाच लाख गुलाम होते. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नरने जाहीर केलं, की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूने लढतील ते मुक्त. तोवर कुंपणावर बसलेले कित्येक जमीनदार त्या एका कागदाने बंडाच्या बाजूला गेले. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजावरच्या आरोपांच्या शेवटी हा राग आणि इंडियनांविषयीचा द्वेष दोन्ही नोंदलेले आहेत. जमेका आणि बार्बाडोसच्या ऊसमळेवाल्यांनाही प्रतिनिधी सभा होत्या, कराचा रागही होता. ते उठले नाहीत. जमेकात दहांतले नऊ लोक गुलाम. राजाची पलटण गेली तर आपलं काय होईल, हे मालकांना पुरतं ठाऊक होतं.

१७७५ च्या उन्हाळ्यात वसाहतींनी राजाकडे अखेरचा अर्ज पाठवला. राजाने तो पाहायचं नाकारलं आणि ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर ठरवलं. तोवर लोक पार्लमेंटला शिव्या देत आणि राजाच्या नावाने पेला उचलत. तो आधारही गेला.

फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूला गेला, तेव्हा लंडनने घाईघाईने कायदा केला, की उत्पन्नासाठी वसाहतींवर पार्लमेंट यापुढे कर लावणार नाही. चहाची ती तीन पेन्सही रद्द झाली. हा कायदा घेऊन, तडजोडीसाठी पाठवलेलं लॉर्ड कार्लाइलचं मंडळ जूनमध्ये फिलाडेल्फियाला उतरलं, तर तिथली इंग्रज फौज शहर सोडून निघायच्या तयारीत होती, आणि मंडळाला हे आधी कुणी कळवलंही नव्हतं. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या एकत्रित सभेने, उत्तर धाडलं: स्वातंत्र्य मान्य करा किंवा फौजा परत न्या, मग बोलू. कराचा विषय त्या उत्तरात नव्हता.

नमस्कार.